बाहेरच्या खोलीतला स्वयंपाक

त्या शुक्रवारी दोघींचं वाजलं ते वाटीवरून. आसराबाई आत गॅसपाशी, रेणू बाहेरच्या खोलीत खिडकीखालच्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप, आणि दोघींच्या मधे बिनदाराची चौकट. आत अंबाडी शिजत होती. तिचा आंबूस वास चौकटीतून यायचा, पंख्याखाली जरा घुटमळायचा आणि मग खुर्चीपाशी पोचायचा. ही वाट रेणूला पाठ होती. "कण्या किती घातल्यास, माय?" तिनं विचारलं. "घातल्या की," आतून आवाज आला. "किती?" "पुरतील तेवढ्या." "असं छापत नाहीत. वाटी सांग. एक वाटी, अर्धी वाटी, काहीतरी." "कोणती वाटी? ह्या घरात सात वाट्या हायत आन सातही सात तऱ्हेच्या. तुझा बाप असताना त्यानं बाजाराबाजारातून एकेक आणल्याली."  शेवटी आसराबाईंनीच माघार घेतली. "लिही, एक वाटी. लोकं आपापली घेतील. तू कशाला दुसऱ्याच्या वाटीचा घोर करून राह्यलीस?" रेणूनं एक वाटी लिहिलं आणि पुढे सवयीनं 'मीठ चवीनुसार' असं टाइप करता करता मोठ्यानं म्हटलं. आत पळी थांबली. "चवीनुसार म्हंजी कोणाच्या?" "करणारीच्या." "करणारी चव घेती व्हय? उष्टं करती आन मंग देवाला दावती? लिही बाई. तुझी पुरवणी, तुझ्या बाया. मला काय."

हा दिवस पुढे जपून ठेवावा लागणार आहे हे ठाऊक असतं तर रेणूनं वाटीचा विषय काढला नसता. किंवा काढला असता, पण आणखी थोडा लांबवला असता. बाकी त्या दिवसात काहीही नव्हतं. संध्याकाळी आसराबाईंनी गच्चीवरचे कपडे काढले, उद्या रेणूच्या वर्गाला डब्यात हीच अंबाडी द्यायची ठरवलं, आणि पातेलं झाकून ठेवलं. त्या जन्मभर स्वयंपाकाची चव न घेता स्वयंपाक करत आल्या होत्या. टेंभुर्णीला सासरी असताना आधी बिरोबाचा नैवेद्य, मग पुरुषमाणसं, मग पोरं, आणि शेवटी त्या स्वतः. चव कळायची ती सगळ्यांची ताटं उठल्यावर. पुढे नवऱ्याला, म्हणजे राधाकिसनला, जालन्याला एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कारखान्यात काम लागलं. मेंढरं दिराकडे राहिली आणि हे तिघं जुन्या जालन्यातल्या दोन खोल्यांत आले. तिथं आसराबाईंनी स्टील मिलमधल्या कामगारांचे डबे सुरू केले. रोज साठ डबे, सोळा वर्षं. तेव्हाही कधी पळीतला थेंब तळहातावर घेतला नाही. फोडणीचा आवाज बसला की लसूण झाला, आमटीचा बुडबुडा जड झाला की ती मिळून आली, आणि मीठ कमी असलं तर वासच पातळ येतो, असं त्या सांगत. रेणूनं बरीच पुस्तकं वाचली होती, ती एका ज्युनिअर कॉलेजात ग्रंथपाल होती. पण पातळ वास म्हणजे काय हे तिला एकाही पुस्तकात सापडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी साडेअकराला मोंढ्याच्या रस्त्यावर उषाबाईंच्या धान्यदुकानाच्या माडीवर वर्ग भरलेला होता. डबा उघडला गेला होता, अकरा बायकांनी अंबाडी वाटून घेतली होती, आणि उषाबाई बोटं चाटत म्हणत होत्या, "मॅडम, काय हात आहे हो तुमचा!" तेवढ्यात फोन वाजला. खालच्या मजल्यावरचे बद्रीनाथभाऊ होते. "ताई, जरा घरी या. मावशी बसल्या जागी..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. ही दोन वाक्यं रेणूच्या कानात एकापाठोपाठ एक शिरली आणि तिथंच एकमेकांत अडकून बसली. नंतर कोणी काही बोललं, सांत्वन केलं, नातेवाइकांची नावं घेतली, तरी आत हेच चालू होतं: काय हात आहे तुमचा, मावशी बसल्या जागी.

कारण हात तिचा नव्हता. रेणूला स्वयंपाक येत नव्हता. थोडाफार येतो आणि विनयानं येत नाही म्हणतात, तशातला प्रकार नव्हे. बेचाळीस वर्षांच्या बाईला शोभू नये इतका येत नव्हता. आणि ती सात वर्षं संभाजीनगरच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत पाककृतींचं सदर लिहीत होती, फोटोसकट. आणि तीन वर्षं दर शनिवारी घरच्या सुगरणींना पाककृती लिहायला शिकवत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ती लिहायला शिकवत होती, रांधायला नाही, असा एक बारीक बचाव तिच्यापाशी तयार होता. तो तिनं स्वतःपुढे इतक्या वेळा मांडला होता की त्याच्या कडा झिजून गेल्या होत्या.

ती दहा वर्षांची असताना एकदा साठ डब्यांच्या गडबडीत तिनं आपणहून लाटणं उचललं होतं. आसराबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. ओरडून नाही, एखाद्याच्या अंगावरची मुंगी काढावी तसं. "एकीनं भाजलं तेवढं बस झालं," त्या म्हणाल्या. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत तव्याच्या कडेच्या खुणा होत्या, जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. "तू बाहेर बस आन वाच. मोठ्यानं वाच, म्हंजी मला बी कळंल तू झोपली न्हाईस." तेव्हापासून रेणू बाहेरच्या खोलीत वाचू लागली आणि आत स्वयंपाक होऊ लागला. भूगोल आणि फोडणी, इतिहास आणि भाकरीची थाप, सगळं एकमेकांत मिसळून तिच्या डोक्यात बसलं. पुढे पुरवणीच्या संपादकांनी ग्रंथालयाच्या एका कार्यक्रमात तिचं बोलणं ऐकून काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा तिनं लिहिलं ते हेच होतं, बाहेरच्या खोलीत जे पोचायचं ते. माय आतून सांगायची, ती लिहून घ्यायची. "वास आला का तिकडं?" "आला." "मंग लिही, आता उतरवायचं." रविवारी छापून आलं की आसराबाई चष्मा लावून एकेक अक्षर वाचत. चौथी शिकल्या होत्या, वाचायला त्यांना अर्धी सकाळ लागे. "हे 'खमंग' मी म्हणले न्हाई," त्या बोट ठेवून सांगत. "आन हे 'मंद आचेवर' कुठून आणलंस? आपल्या घरात मंद काहीच न्हाई." पण नाव रेणूचं, फोटो रेणूचा, याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. रेणूही बोलली नाही.

वर्ग उषाबाईंनी सुरू करायला लावला. सदर वाचून त्यांनी फोन केला होता: मला वीस तऱ्हेची लोणची येतात हो, पण लिहायला बसले की सगळं चार ओळींत संपतं. खरंच संपायचं. पहिल्याच शनिवारी रेणूला कळलं की या बायकांना स्वयंपाक इतका येतो की त्यांना तो दिसतच नाही. उषाबाईंनी मोसंबीच्या सालीच्या लोणच्यात साल उकळून कडवटपणा काढल्याचं लिहिलंच नव्हतं. "ते तर कोणालाबी कळतं, मॅडम." गिरिजाबाई आयुष्यभर अंगणवाडीत पोरांना खिचडी करून घालून निवृत्त झालेल्या, त्यांच्या पाककृतीचं पहिलं वाक्य होतं, 'नेहमीप्रमाणे तयारी करून घ्यावी.' प्रिया सगळ्यात लहान, तेवीस वर्षांची, तिचं मोबाइलवर रेसिपीचं चॅनल होतं. तिनं पिठल्याच्या कृतीत सहा ठिकाणी 'तर मैत्रिणींनो' लिहिलं होतं आणि पाणी एकदाही लिहिलं नव्हतं. "पाणी कुठंय?" "घातलं ना, मॅडम. व्हिडिओत दिसतं." रेणू मात्र या कामाला जणू जन्मली होती. जिला येत नाही तिलाच ठाऊक असतं काय सांगायचं राहिलंय. ती विचारायची: का उकळायची साल? किती वेळ? झाली हे कशावरून ओळखायचं? बायका आधी हसायच्या, मग विचारात पडायच्या, आणि मग लिहायच्या. एकेकीचं छापून येऊ लागलं. उषाबाईंचं लोणचं आलं त्या रविवारी त्यांनी स्टॅंडवर वीस अंक मागितले, तर पेपरवाला हळू आवाजात म्हणाला, "वीस? घरात कोणी गेलं का, काकू?" हा किस्सा त्या दर दोन महिन्यांनी सांगत आणि दर वेळी सगळ्या तितक्याच हसत.

आणि पहिल्याच दिवशी, कुठल्याशा पुस्तकी जोशात, रेणूनं फळ्यावर एक नियम लिहिला होता: जे स्वतः केलं नाही, ते लिहायचं नाही. आसराबाई त्या दिवशी सोबत आल्या होत्या, डबा घेऊन. पोरगी काय शिकवते ते त्यांना पाहायचं होतं. येसराची, म्हणजे भाजलेल्या बाजरी-डाळीच्या पिठाची आमटी आणि भात होता. उषाबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मोठे केले. "मॅडम, तुम्ही केलं?" रेणूनं तोंड उघडलं, पण आसराबाईंनी आधीच उत्तर देऊन टाकलं. "मंग! माझ्या हातात आता कुठं जोर ऱ्हायला. पहाटं उठून तिनंच केलं." परत येताना रिक्षात रेणू म्हणाली, "माय, खोटं कशाला बोललीस?" आसराबाई रस्त्याकडे बघत होत्या. "शिकवणारीलाच येत न्हाई म्हणल्यावर बाया बसतील का तुझ्यापुढं? आन त्याह्यला काय वाटंल, माईनं काय शिकवलं हिला?" थोड्या वेळानं त्या पुढे म्हणाल्या, "मीच तुला आत येऊ दिलं न्हाई. आता तेवढं तरी मला बोलू दे." रिक्षा गांधी चमनपाशी अडकली होती, मागचे हॉर्न वाजत होते. रेणूनं बोलू दिलं. मग शंभरावर शनिवार ती बोलू देत राहिली.

अडीच महिन्यांनी वर्ग पुन्हा सुरू झाला तो बायकांनीच सुरू केला. पहिल्या दिवशी अकराच्या अकरा जणी डबे घेऊन आल्या, रेणूसाठी. ते तिला पाच दिवस पुरले. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर, शिकवल्याप्रमाणे, कृती. गिरिजाबाईंच्या चिठ्ठीत मिठाचं माप होतं, पाण्याचं होतं, आणि शेवटी 'खाणारी एकटी असेल तर मोठ्यानं रेडिओ लावावा' असं होतं. रेणू ते वाचून एकटीच हसली. अडीच महिन्यांत ती पहिल्यांदा हसली आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. आता आतली खोली गप्प असायची. मेसचा डबा यायचा. त्याचा वास झाकण उघडल्यावर एकदम अंगावर यायचा आणि तिथंच संपायचा. तो कुठूनही चालत येत नव्हता. सदर तिनं तब्येतीचं कारण सांगून थांबवलं होतं. संपादक भला माणूस. त्यांचा त्याच शनिवारी, वर्गातच फोन आला: वर्गाला दर रविवारी अर्धं पान देऊ, सुरुवात मात्र तुमच्यापासून. तुम्ही पदार्थ करा, विद्यार्थिनींनी बघून लिहावं, तुमचा गॅसपुढचा फोटो. प्रियानं फोन स्पीकरवर टाकलेला. अकरा जणींनी ऐकलं आणि माडी दणाणली.

"येसराची आमटी," उषाबाई म्हणाल्या. "तीच करा, मॅडम. पहिल्या दिवशीची. येसर बी आमच्यासमोरच भाजा. माझ्या नव्या घरी, पुढच्या शनिवारी."

"मला आता..." रेणू म्हणाली.

"जय भीम, मी मधेच बोलते," मागून गिरिजाबाई म्हणाल्या. उशिरा आल्या होत्या, फोनवरचं सगळं दारातूनच ऐकलं होतं आणि अजून चप्पल काढत होत्या. "पण रेणूताई, हात चालता पाहिजे आता तुमचा. माझे मालक गेले तेव्हा मी आठव्या दिवशी चाळीस लेकरांची खिचडी टाकली. रडत टाकली, पण टाकली. लेकरं म्हणली, बाई, आज खारट झाली."

सगळ्या हसल्या. त्या हसण्यात नाही म्हणायची वेळ निघून गेली. घरी जाताना रेणूनं हिशोब मांडला, तो सरळ होता. खरं सांगितलं तर अर्धं पान जाईल, फळ्यावरचा नियम तिच्याच अंगावर कोसळेल, आणि ज्या बायका तिच्या शब्दावर चार ओळींच्या चाळीस करतात त्या पुन्हा तिचं का ऐकतील? पण हे सगळं तिनं कदाचित सोसलं असतं. खरी अडचण वेगळी होती. खरं सांगायचं म्हणजे माय खोटं बोलली हे सांगायचं. ती असती तर तिनं कंबरेवर हात ठेवून उत्तर दिलं असतं, दहा जणींना पुरून उरली असती. आता तिच्या माघारी, तिच्या डब्यांची चव अजून ज्यांच्या जिभेवर आहे त्यांच्यापुढे, तिला खोटी पाडायची. हे रेणूला जमणार नव्हतं. त्यापेक्षा आमटी शिकणं सोपं.

रविवारी सकाळी तिनं आपलंच सदर उघडलं. सात वर्षांत पहिल्यांदाच ती ते वाचकासारखं वाचत होती. चार वर्षांपूर्वीचा येसर: बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि धने वेगवेगळे भाजा, खमंग वास आला की उतरवा. तिनं कढई ठेवली, बाजरी टाकली, आणि वास लगेच आला. तिनं उतरवली. डाळ टाकली, तिचाही आला. उतरवली. सगळं मिक्सरमधून काढलं, पाण्यात कालवलं, फोडणीवर ओतलं, आणि जे झालं ते कच्च्या पिठाचं, गुठळ्यांचं, करड्या रंगाचं काहीतरी होतं. सोमवारी कॉलेज होतं. मंगळवारी तिनं ठरवलं की आपण घाई केली, म्हणून थांबली, थांबली, आणि बद्रीनाथभाऊ जिन्यावरून धावत आले. "ताई, वायर जळाली का?" "नाही भाऊ, बाजरी." ते कढईत डोकावले आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "मेन स्विच तरी बंद करून ठेवू का?"

बुधवारी कढई घासत उभी असताना तिला पुन्हा तो लेख आठवला आणि तिचा हात घासणीवरच राहिला. खमंग वास आला की. कुठं आला की? तिनं ते लिहिलं तेव्हा ती कढईपाशी नव्हती. ती चौकटीपलीकडे, पंख्याखालून, पंधरा पावलांवर होती. वास कढईतून निघून, चौकट ओलांडून, घुटमळून तिच्यापाशी पोचेपर्यंत आत बाजरी आणखी दोन-अडीच मिनिटं भाजली जात होती, आणि तेवढ्यातच ती होत होती. सात वर्षं तिनं छापलेली प्रत्येक वेळ त्या खुर्चीतली वेळ होती. ज्यांना रांधता येत होतं त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही, त्या आपल्या अंदाजानं चालल्या. पण कुठंतरी एखादी तिच्यासारखी असेल, पुस्तकावर विश्वास ठेवणारी, जी गॅसपाशी उभी राहून पहिल्या वासाला कढई उतरवत असेल आणि कच्च्या आमटीपुढे बसून आपल्यालाच दोष देत असेल. रेणूला त्या अनोळखी बाईपुढे फार लाज वाटली आणि त्याच क्षणी हसूही आलं. एवढं मोठं गणित चुकलं होतं, आणि मायनं ते दर रविवारी बोट ठेवून वाचलं होतं, खमंगवर आणि मंद आचेवर भांडली होती, पण इथं कधी अडखळली नव्हती. तिच्या लेखी वास पोचायची जागा एकच होती, लेक बसते ती.

गुरुवारी कॉलेजला रजा टाकून तिनं कढई ठेवली, बाजरी टाकली आणि बाहेर जाऊन खुर्चीत बसली. लॅपटॉप नाही, पुस्तक नाही. आतल्या खोलीत गॅस जळत होता आणि आत कोणी नव्हतं. ही कल्पना अंगावर येईल असं तिला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. आधी तिला वास आलाच नाही, फक्त दाण्यांची बारीक तडतड ऐकू आली. मग काहीतरी चौकटीपर्यंत आलं, तिथं थांबलं. पंखा फिरत होता. तिनं डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटले, पण माय म्हणाली असती, झोपलीस का. आणि मग तो आला, पुरा, जाड, भाजलेला, जसा यायचा तसा. ती उठून पळत आत गेली आणि गॅस बंद केला. बाजरीचा रंग तिनं कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे तो बरोबर आहे की नाही हे तिला कळेना. तिनं एक दाणा तोंडात टाकला. तो बरोबर होता. शुक्रवारी डाळ, धने आणि फोडणीसुद्धा तिनं खुर्चीतूनच केली. आत-बाहेर करून पोटऱ्या दुखल्या. आमटी पातळ झाली, मीठ जास्त पडलं, पण ती आमटी होती. बद्रीनाथभाऊंनी दोन वाट्या घेतल्या आणि जाताना म्हणाले, "आज वायरिंग एकदम ठीक आहे."

उषाबाईंच्या नव्या घराचा विचार तिनं शनिवारपर्यंत केलाच नव्हता. तिथं बिनदाराची चौकट नव्हती, काळ्या ग्रॅनाइटचा लांबलचक ओटा होता, वर धूर ओढणारी स्टीलची चिमणी होती, आणि ओट्याभोवती अकरा बायका वह्या उघडून उभ्या होत्या. प्रियानं मोबाइल डब्यांच्या चळतीला टेकवून ठेवला होता. गिरिजाबाईंनी तारीख घालून वर 'प्रत्यक्ष निरीक्षण' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. रेणूनं त्यांना काय शिकवलं होतं ते आठवलं: मत लिहू नका, दिसेल ते लिहा, आणि प्रत्येक कृतीचं कारण विचारल्याशिवाय सोडू नका. त्या तयार होत्या. ती मात्र नव्हती. तिनं कढई ठेवली. बाजरी टाकली. वास लगेच आला, खोटा, अर्धा. तो तिला आता ओळखू येत होता.

"चिमणी बंद करता का?" ती म्हणाली.

"का, मॅडम?" तीन जणींनी एकदम विचारलं.

"वास खाते ती."

पेनं चालली. रेणूनं पळी गिरिजाबाईंच्या हातात दिली, "हलवत राहा," म्हणाली आणि बैठकीच्या खोलीकडे चालू लागली. तिनं पावलं मोजली. पंधराव्या पावलावर सोफा नव्हता, टीव्हीचं कपाट होतं. ती त्याच्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. मागून दहा बायका वह्या घेऊन आल्या. त्यांतली एकजण पुटपुटत लिहीत होती, "मॅडम... बाहेर... गेल्या." उषाबाई कुजबुजल्या, "देवाचं काही असंल, गप बसा." प्रिया कुजबुजली नाही. "मॅडम, आत अजून भाजून राह्यलं ना? मग आपण इथं कशाला?"

"थांब," रेणू म्हणाली. "येऊ दे."

सगळ्या थांबल्या. खाली रस्त्यावर टेम्पो मागे घेत होता, त्याची शिट्टी वाजत होती. दहा बायका टीव्हीच्या कपाटापाशी नाकं वर करून उभ्या होत्या आणि रेणूला हसू फुटत होतं. आणि तो आला. या घरातून, या अनोळखी भिंतींवरून, पण तोच. "बंद करा, गिरिजाबाई!" ती ओरडली. आत गॅसचा खटका वाजला, कढई खाली उतरल्याचा आवाज आला, आणि मग गिरिजाबाई तळहातावर चार दाणे घेऊन बाहेर आल्या, चावत, मान हलवत. "रेणूताई, बाहेर उभं राहून! पस्तीस वर्षं चुलीपुढं गेली माझी, पण हे मला जमायचं न्हाई. काय हात आहे हो तुमचा!"

रेणूनं त्यांच्या तळहाताकडे पाहिलं. खोटं तसंच निभावता आलं असतं. नुसतं हसून, मान खाली घालून, आत जाऊन डाळ टाकून. आमटीही झाली असती, थोडी पातळ. सगळ्यांची पेनं वहीवर टेकलेली होती, पुढच्या कृतीची वाट बघत.

"हात माझा नाही," ती म्हणाली. आवाज हवा त्याहून मोठा निघाला. "मायचा होता. पहिल्या दिवसापासून. ती आत करायची आणि मी बाहेर बसून वास आला की लिहायची, म्हणून आत्ताही वास ओळखायला मला इथं बाहेर यावं लागलं. पेपरात माझं नाव होतं ते तिचं पाहिजे होतं. तिनं तुम्हाला सांगितलं मी करते, ते खोटं होतं. माझ्यासाठी बोलली ती, आणि मी तिला तीन वर्षं बोलू दिलं. एकदाही म्हटलं नाही, माय, तू केलंस म्हणून सांग."

 उषाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या रडत होत्या की हसू दाबत होत्या ते कळत नव्हतं. प्रियाचं पेन वहीवर अधांतरी थांबलेलं होतं.

"मॅडम," तिनं हळूच विचारलं, "हे पण लिहू?"

"लिही," रेणू म्हणाली. "आसराबाई नाव आहे तिचं, ते आधी लिही. आणि खाली लिही, रेणूला साधा भातसुद्धा येत नाही."